माझ्या अंगठ्याचं काय करायचं, बाबा?

एडिसन, न्यू जर्सी
19 जानेवारी 2025

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "रेशनवाला सगळ्यांचे अंगठे मागतोय, ई-केवायसी की काय ते. आमचे झाले, दादानं नाशकातच दिला. तुझा तेवढा राहिलाय. मेमध्ये येशील तेव्हा देऊन टाक." मी "हो, बघू" म्हणाले आणि घाईघाईने आईला विचारलं, गूळपोळ्या यंदा किती करणार. फोन ठेवल्यावर तशीच बसून राहिले. तुमच्याशी असं चोरून मी आजवर वागले नव्हते. म्हणून हे पत्र.

बाबा, माझा अंगठा त्या कार्डाला आता लावता येणार नाही. 12 डिसेंबरला मी अमेरिकेची नागरिक झाले. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्यात स्पष्ट आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं त्याच दिवशी संपतं. वेगळा अर्ज करा न करा, संपतं. दादाला मी आठवड्यापूर्वी सांगितलं. त्याला गप्प राहायला मीच सांगितलं होतं, तेव्हा त्याच्यावर रागावू नका.

नोव्हेंबरात विधानसभेच्या वेळी माझ्या नावाची मतदानाची चिठ्ठी घरी आली आणि तुम्ही तिचा फोटो पाठवलात, "तुझी आठवण काढून गेली सरकारी बाई". त्या दिवशी शपथेची तारीख माझ्या हातात पडलेली होती. तरी मी नुसता हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी झाले. ते मला अजून टोचतंय.

आता का केलं ते सांगते. सगळं सांगते, थोडं जास्त झालं तर वाचून घ्या.

2022 साली तुमची बायपास झाली तेव्हा मी पावणेपाच महिने तिथे होते. दिवसा तुमच्याजवळ, रात्री लॅपटॉपवर इथलं काम. तुम्हाला वाटलं मी कामामुळे परतले. कामही होतंच, पण खरं कारण ग्रीन कार्ड होतं. ते असलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या वर बाहेर काढले की परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात, नागरिकत्वासाठी मोजायची वर्षं तुटू शकतात, आणि सलग वर्षाच्या वर राहिलं तर कार्डच हातचं जायची वेळ येते. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मागच्या बाजूने पेन्सिलीने दिवस मोजत होते. आई, तुला ते आकडे दुधाच्या हिशेबाचे वाटले होते. मी निघाले तेव्हा बाबांना तिसरा मजला एका दमात चढता येत नव्हता, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खुर्चीवर बसावं लागायचं. तो जिना सोडून मी विमानात बसले. पुन्हा तशी वेळ आली तर मला दिवस मोजायचे नाहीत. नागरिकाला इथून कितीही काळ बाहेर राहता येतं, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळालं की भारतात कितीही वेळा, कितीही दिवस यायला आयुष्यभराचा व्हिसा असतो. पोलिसांकडे नोंद नको, काही नको. मी लांब जायला हे केलं नाही. तुमच्याकडे वर्षभर येऊन राहता यावं म्हणून केलं. ऐकायला उलटं वाटेल, पण कागदांचं जग असंच आहे.

आणि इथल्या पेन्शनचंही आहे. इथे पगारातून दर महिन्याला सोशल सिक्युरिटीचे पैसे कापतात. वर्षाला जास्तीत जास्त 4 अशा 40 गुणांची नोंद झाली, म्हणजे साधारण 10 वर्षं काम झालं, की म्हातारपणी पेन्शन लागू होते. माझे 40 केव्हाच झाले. भारताचा आणि अमेरिकेचा या बाबतीत करार नाही, त्यामुळे इथे भरलेलं तिकडच्या पीएफमध्ये जमा होत नाही. नागरिक नसलेला माणूस सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिला तर पैसे थांबवायचे नियम आहेत, त्याला देशागणिक वेगवेगळे अपवाद. नागरिकाला मात्र ठाण्यात बसूनही ती पेन्शन मिळते. मला म्हातारपणी कुठे राहायचं आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण सोशल सिक्युरिटीच्या दप्तरात मी अजून परदेशीच होते. नागरिक झाल्याचं त्यांना आता नागरिकत्वाच्या अर्जातच कळवता येतं, माझा अर्ज 1 एप्रिल 2024 च्या आधीचा, जुन्या नमुन्याचा, म्हणून स्वतः जावं लागलं. गेल्या सोमवारी गेले. टोकन घेतलं, तासभर बसले. माझ्या तिथल्या जुन्या कार्डावर ओळ होती की गृहसुरक्षा खात्याच्या परवानगीनेच कामासाठी वैध. 2009 पासून ते कार्ड मी तसंच कपाटात ठेवलेलं. नंबर बदलत नाही, फक्त ती ओळ जाते आणि आतल्या नोंदीत नागरिक असं पडतं. फी नाही. नवं कार्ड दोनेक आठवड्यांत टपालाने येईल.

आई, त्या फॉर्मवर एक रकाना होता: आईचं जन्मावेळचं नाव. मी पेन उचललं आणि हात थांबला. तुझं माहेरचं नाव मी शेवटचं कधी लिहिलं होतं? बहुतेक तुझ्या पासपोर्टच्या वेळी. सावकाश, एकेक अक्षर मोठं काढून लिहिलं. खाली वडिलांचं नाव, पूर्ण. खिडकीतल्या बाईंनी तुमची दोघांची नावं कीबोर्डवर टाइप केली, मला उच्चार विचारला, दोनदा म्हणून पाहिला. मग शपथेचा दाखला तपासून हातात परत दिला. मी "थँक यू" म्हणाले आणि गाडीत येऊन बसले तर डोळे भरून आले.

नागरिक होताना नाव बदलून मिळतं, फुकट. कितीतरी लोक मधलं नाव टाकून देतात, सुटसुटीत होतं म्हणून. जावयांनी एकदाच विचारलं, तुझं काय? मी म्हटलं, मधे बाबा आहेत ते तसेच राहतील. दाखल्यावर तुमचं नाव अख्खं आहे, बाबा, नुसतं आद्याक्षर नाही.

मुलाखतीला शंभर प्रश्नांची तयारी करायची होती. विचारायचे जास्तीत जास्त 10, त्यातले 6 बरोबर यावे लागायचे. रात्री पोरीला झोपवून मी पाठ करत बसायचे तेव्हा मला ठाण्याची तलावपाळी आठवायची. चौथीच्या स्कॉलरशिपच्या वेळी संध्याकाळी तुम्ही मला तिथे मासुंदा तलावाला फेरी मारायला न्यायचात आणि चालता चालता नद्या, धरणं, जिल्ह्यांची ठिकाणं विचारायचात. बरोबर उत्तराला एक शेंगदाणा. चुकलं तरी गडकरी रंगायतनसमोर आलो की उरलेली पुडी माझ्याच हातात द्यायचात. अधिकाऱ्याने विचारलेले पहिले सहाही बरोबर आले. शेंगदाणे मात्र कोणी दिले नाहीत.

शपथेचंही सांगते, कारण ते तुम्हाला कुठून तरी कळेलच. तिच्यात एक वाक्य आहे, आधी ज्या देशाचे नागरिक होतात त्याच्याशी असलेली निष्ठा सोडते असं. सगळ्यांबरोबर उजवा हात वर करून म्हणायचं असतं. त्या वाक्याला माझा आवाज बसला. मी म्हणाले ते, खोटं नाही सांगत, तोंडातल्या तोंडात नाही, पूर्ण म्हणाले. पण बाबा, सोसायटीच्या गच्चीवर 15 ऑगस्टला तुम्ही दोरी ओढायचात आणि झेंड्यातून फुलं पडायची ती वेचायला मी पहिली असायची, ते काही त्या वाक्यात येत नाही. ते सोडायला कोणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी सुटलं नसतं.

आता रेशन कार्डाचं.

मला माहीत आहे ते कार्ड म्हणजे तुमच्यासाठी काय आहे. आईच्या गोदरेजच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, दोन रबरबँड लावून. 1999 साली तीन रंगांची कार्डं आली आणि आपल्याला केशरी मिळालं तेव्हा तुम्ही चौघांची नावं मोठ्याने वाचून दाखवली होती. त्याच्याही आधीच्या कार्डावर रॉकेलच्या रांगेत मी उभी राहायचे, पाच लिटरचा निळा कॅन घेऊन, आणि घरी आल्यावर फ्रॉकला वास येतो म्हणून आई दारातच तो उतरवायची. 2012 ला माझं लग्न झालं, आत्या म्हणाली, आता पोरीचं नाव कमी करून घ्या. तुम्ही म्हणालात, "लग्नाने पोर घरातून जाते, कार्डातून कशाला जायला हवी?" मी दाराआडून ऐकलं होतं.

म्हणूनच हे लिहायला मला आठवडा लागला. बाबा, ते नाव आता काढायला हवं. त्या घरी मी जेवत नाही आणि आता त्या देशाची नागरिकही नाही. माझं नाव तसंच राहिलं तर उद्या चौकशी तुमच्यामागे लागेल, आणि तुम्ही आयुष्यात कधी खोटा कागद पुढे केला नाहीत तो माझ्यामुळे होईल. दादा पुढच्या शनिवारी येतोय, त्याच्याबरोबर शिधावाटप कार्यालयात नाव कमी करण्याचा अर्ज द्या. एकटे जाऊ नका. रांगेत उभे राहू नका, दादाला उभं करा, तुम्ही बाकावर बसा. आणि अर्ज देण्याआधी माझं नाव असलेल्या पानाची झेरॉक्स काढा, दोन्ही बाजूंची. ती मला हवी आहे.

मतदार यादीतलं नाव काढायचा 7 नंबरचा फॉर्म मीच ऑनलाइन भरते. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई घरी विचारायला आल्या तर "पोरगी परदेशात असते, येऊन जाऊन असते" असलं काही सांगू नका. नागरिकत्व बदललं, एवढंच सांगा. त्यांना चहा द्या, नेहमी देता तसा.

जोडखात्याबद्दल बँकेला मी लिहिलंय. ते मी 2008 सालीच अनिवासी खात्यात बदलून घ्यायला हवं होतं, तो आळस माझा. पॅन तसाच राहील. भारतीय पासपोर्ट जमा करायला पाठवलाय, रद्दचा शिक्का मारून परत येईल. आणि आई, गावच्या कलमांची काळजी तुझ्या मनात आली असणार, मला तुझा चेहरा दिसतोय. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. त्यामुळे आंबे कोणी नेत नाही. आणि हा विषय इतक्यात काढायचाही नाही.

आता तुमचं. बाबा, 70 च्या वरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. ऑक्टोबरपासून सुरू झालंय, कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. आधार लागतं, ते तुमच्याकडे आहे. दोघांचं काढा. "आपल्याला काय गरज, आपली पॉलिसी आहे" हे वाक्य मला ऐकायचं नाही. कोणत्या रुग्णालयात चालतं ते दादाला आधीच विचारून ठेवायला सांगितलंय. आई, नोव्हेंबरात तुझा हयातीचा दाखला शेजारच्या पोराने मोबाइलवर चेहरा दाखवून काढून दिला ना, पुढच्या वर्षीही तसाच काढ, बाबांना बँकेच्या पायऱ्या चढायला लावू नकोस. आणि बाबा, मेमध्ये तुम्हाला 75 पूर्ण होतात, मग एसटी फुकट. पण म्हणून खोपटहून उठून एकटेच चिपळूणला निघायचं नाही. मी येईन तेव्हा जाऊ, आई अर्ध्या तिकिटात आणि मी पूर्ण तिकीट काढून.

माझी काळजी करू नका. इथे बर्फ आहे पण घर गरम आहे. गोडा मसाला मार्चपर्यंत पुरेल. काल आमटी केली, पोरीने दोनदा वाढून घेतली. केस पुसूनच बाहेर पडते, आई. तिळगूळ पोचला, थोडा चुरा झाला होता, तोच दुधात घालून खाल्ला.

ओसीआय हातात आलं की लगेच तिकीट काढते. परतीचं नंतर बघू.

तुमची
माऊ

ता. क. बाबा, हे पत्र तुम्हीच आईला वाचून दाखवणार. मधलं शपथेचं गाळू नका. तुम्ही एखादी ओळ सोडलीत की तिला तुमच्या आवाजावरून कळतं.