सगळे आकडे देऊन टाकणाऱ्या मुलास

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र उघड लिहितोय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तू "काका, टायर पुसून घ्या, हीट लागेल" (हीट म्हणजे शर्यतीची एक फेरी) म्हणतोस आणि सटकतोस. नाव घालत नाही. रविवारी सकाळी त्या पार्किंगमध्ये रेडिओ कंट्रोल गाड्या पळवायला येणाऱ्यांना तू कोण ते लगेच कळेल, आणि बाकीच्यांना तुझ्या नावाशी काय करायचंय?

बाकीच्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. 1985 साली औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि भोसरीच्या टूलरूममध्ये शिरलो तो निवृत्तीलाच बाहेर आलो. प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे साचे, करायचो. बादलीच्या झाकणापासून स्कूटरच्या टेललाइटपर्यंत सगळं. मुलगा नागोयाला असतो. येताना त्याने तामिया या जपानी कंपनीचं टीटी-02 चं किट आणलं, 1/10 मापाची रेडिओ कंट्रोल गाडी. बाबांचा वेळ जाईल असा त्याचा हिशोब. मी डबा उघडला आणि बरेच दिवस काहीच जोडलं नाही, भाग भिंगाखाली धरून बघत बसलो. साच्याची जोडरेषा नखाला लागत नाही, फ्लॅश, म्हणजे जोडातून बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, कुठे नाही, साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे ठसे सगळे आतल्या अंगाला. शिझुओकाच्या त्यांच्या टूलरूममध्ये कोण माणसं बसली असतील, असं वाटत राहिलं. पुढे तूच सांगितलंस, की पोर्शे 934 चं मॉडेल करायचं म्हणून या लोकांनी खरीखुरी पोर्शे 911 विकत घेतली आणि खोलून मापं काढली. 1976 मध्ये आलेली त्यांची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी तीच. हे ऐकल्यावर मला ही मंडळी आपल्यातली वाटायला लागली.

तर असा मी, गाडी जोडून पार्किंगमध्ये आलो. तुझी पहिली नजर गाडीवर नाही, माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरवर गेली. "काका, हा फिलिप्स आहे. हे जपानी स्क्रू आहेत, यांना जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा लागतो." चाळीस वर्षं स्क्रू पिळणाऱ्या माणसाला विशीतल्या मुलाने हे सांगायचं म्हणजे काय! पण तुझं म्हणणं खरं होतं. दोन्ही क्रॉस दिसायला सारखे, पण फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर उसळतं आणि डोकं खाऊन टाकतं. मग तू प्लास्टिकमधला स्क्रू परत कसा लावायचा तेही दाखवलंस: आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात 'टक्' करून पडला की मग सुलटा. दरवेळी नवे आटे पाडले तर भोक चार-पाच खोलण्यांत संपतं. या गाडीत जवळजवळ सगळे स्क्रू प्लास्टिकमध्येच जातात, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

खरी गंमत मात्र प्लेची, म्हणजे दोन भागांमधल्या ढिलाईची. आम्हा टूलरूमवाल्यांना प्ले म्हणजे शिवी. टीटी-02 चं स्टिअरिंग हातात धरून हलवलं तर चाकं इतकी खुळखुळतात की मला बघवेना. तिथे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून घट्ट करायला तूही हो म्हणालास. पण चाक धरणारा सस्पेन्शन आर्म मी पिनवर जसा बसवला होता, जेमतेम सरकेल असा, आमच्या भाषेत स्लायडिंग फिट, तो तू बोटाने उचललास आणि सोडलास. आर्म वरच राहिला. तू म्हणालास, "हा स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. थोडा खुळखुळला तर चालेल, अडकला तर नाही." तीन मिलिमीटरचा रीमर, म्हणजे भोक मापात मोकळं करायचं हत्यार, हाताने फिरवून भोकं मोकळी केली आणि आर्म टपकन पडायला लागला. जो आर्म अडखळतो तो डँपरला (गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरला) आणि स्प्रिंगला काम करू देत नाही, मग तुम्ही वरून कितीही भारी तेल घाला. सैल असणं हेच बरोबर असलेली जागा मला या वयात पहिल्यांदा भेटली.

पैसे कुठे घालायचे याचा क्रमही तुझाच. किटमध्ये प्लास्टिकचे बुश येतात, ते काढून आधी बेअरिंग. मग किटमधल्या नावापुरत्या डँपरच्या जागी तेलाचे डँपर. मग टायर. निळ्या अॅल्युमिनियमचे चकचकीत पार्ट सगळ्यात शेवटी, आणि खरं तर नाहीच. आपल्याकडे हा क्रम जास्तच पाळावा लागतो. 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. कस्टमला 1/10 ची रेसिंग गाडी आणि जत्रेतली चावीची बस यांत फरक दिसत नाही. म्हणून आपल्या पार्किंगमध्ये तुटलेला आर्मसुद्धा कोणी टाकत नाही, पिशवीत जपून ठेवतो.

डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा, धडा मी वहीत लिहून ठेवलाय. पुढच्या डिफमध्ये दाट ग्रीस, मागचा मोकळा. पुढचा अगदी मोकळा असला की वळणात थ्रॉटल दिल्यावर आतलं हलकं झालेलं चाक भरभर फिरतं आणि ताकद तिथेच वाया जाते. दाट ग्रीस घातलं की दोन्ही चाकं मिळून गाडीला वळणाबाहेर ओढतात. गिअरच्या बाबतीत या चासीत फारसं करण्यासारखं नाही, मोटारीच्या जागा ठरलेल्या आहेत. किटमधला मोटारीवरचा 22 दात्यांचा पिनियन, त्याला लागणारा 70 दात्यांचा स्पर गिअर आणि आतला 2.6 चा रेशो: मोटार 8.27 फेरे फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. हा हिशोब तू तोंडी केलास आणि मी मनातल्या मनात तुला मार्क दिले.

पण एका वेळी एकच बदल, हे तू ज्या कडकपणे पाळायला लावलंस त्याचे आभार वेगळे मानतो. गाडी पुश करत होती, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण देऊनही पुढून बाहेर जात होती. माझा हात एकदम तीन ठिकाणी जायला निघाला: पुढची स्प्रिंग, डँपरचं तेल, टायर. तू फक्त पुढची स्प्रिंग मऊ करू दिलीस. 5 मिनिटं चालव. मग जुनी स्प्रिंग परत लाव आणि पुन्हा 5 मिनिटं. मग पुन्हा मऊ. परत जुनीवर का जायचं, तर मधल्या वेळात ऊन चढतं, डांबर तापतं, पकड बदलते. आपण स्प्रिंगला श्रेय देतो आणि काम उन्हाने केलेलं असतं. हे आमच्या कारखान्यात साहेब लोकांना कधी पटवता आलं नाही. आणि तू सगळ्यात जलद लॅप बघतच नाहीस. पूर्ण हीटमध्ये किती लॅप झाल्या आणि त्या एकमेकींपासून किती लांब, एवढंच बघतोस. माझी एखादी लॅप भन्नाट लागली की मी तुझ्याकडे बघायचो आणि तू कागदाकडे.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यात माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आहे. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की डावं उजवं होतं, याला साठीच्या मेंदूची तयारी नसते. तू रिमोटवर स्टिअरिंगचा पल्ला कमी करून दिलास, थ्रॉटल सत्तर टक्क्यांवर बांधलास, आणि बॉडीचा पुढचा भाग झगझगीत नारिंगी करायला लावलास, म्हणजे तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते लांबून कळेल. पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवतात, म्हणजे रंग घासटत नाही, हेही तेव्हाच कळलं. सगळ्यात कामाचा सल्ला मात्र चष्म्याचा. बायफोकलमधून गाडी कधी एक दिसते कधी दीड. लांबचा वेगळा चष्मा केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "गाडी चालवता का?" मी हो म्हणालो. कुठली ते विचारलं नाही.

आता मूळ मुद्दा.

आमच्या टूलरूममध्ये हाताखालच्या पोरांना काम दाखवायची पद्धत नव्हती. वरिष्ठ कारागीर पॉलिशिंगची शेवटची पायरी जेवणाच्या सुट्टीत उरकायचे, कोणी बघू नये म्हणून. सेटिंगचे आकडे खडूने मशिनवर लिहायचे आणि शिफ्ट सुटताना पुसून जायचे. मीही तसाच चोरून बघून शिकलो. यात कोणाची दुष्टाई नव्हती. हातातली विद्या हीच नोकरीची शाश्वती होती.

आणि तू. पहिल्याच दिवशी तुझी सेट-अप शीट, म्हणजे गाडीच्या सगळ्या सेटिंगचा कागद, काढून माझ्या हातात दिलीस. राइड हाइट, कँबर, मागच्या चाकांचा टो-इन, डँपरचं तेल, स्प्रिंगचा रंग, डिफमध्ये काय भरलंय, सगळं. मी विचारलं, "आणि मी उद्या तुझ्या पुढे गेलो तर?" तू म्हणालास, "मग मला पुढच्या वेळी तुमची मागता येईल." मग सांगितलंस की जागतिक स्पर्धा झाल्या की जिंकणाऱ्या गाड्यांच्या शीट कंपन्याच बाहेर देतात, कोणीही उतरवून घ्याव्यात. हिरोसाका मासामी या जपानी माणसाने 1987 पासून चौदा जागतिक विजेतेपदं मिळवली. शीट हातात असून त्याच्यासारखं चालवता येत नाही, मग लपवायचं कशाला, असं तुझं म्हणणं.

हे मी मानलं. पण पावसाळ्याआधीच्या शेवटच्या शर्यतीत जे केलंस ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. फायनलच्या आधी त्या दुसऱ्या मुलाचा पुढचा आर्म तुटला. तुझ्याकडे एकच जादा होता. तो तू दिलास. वर गुडघे टेकून त्याची गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवून ट्वीकही बघून दिलास, म्हणजे पुढून चाकूच्या टोकावर मधोमध उचलून दोन्ही चाकं एकाच वेळी सुटतात का ते. तो तुझ्या पुढे आला. तू तुझ्या हीटनंतर नेहमीसारखा वळणावर मार्शल म्हणून उभा राहिलास आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करत राहिलास. मी तुझ्या जागी असतो तर आर्म दिला असता. ट्वीक बघून दिला नसता. आता तू हसशील.

तरी तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांना मी वही उघडून देतो. सोसायटीतला एक नववीतला मुलगा हल्ली संध्याकाळी येतो. त्याला व्हर्नियर वाचायला शिकवलं, आणि पॉलिशिंगही, शेवटच्या पायरीसकट. एमरी पेपरचे नंबर कुठल्या क्रमाने उतरायचे, डायमंड पेस्ट किती आणि कुठल्या लाकडाला लावायची, हे मी नोकरीत असताना कोणाला सांगितलं नव्हतं. तो जॉब आरशासारखा झाला तेव्हा त्याने पहिला फोटो तुला पाठवायला लावला. तुला आला असेल. तो पोरगा कोण, असं तू विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर.

तुझ्या गाडीच्या मागच्या हबमधला प्ले मी मागच्या वेळी हात लावून बघितलाय. लेथवर पितळी शिम काढून ठेवल्यात, वेगवेगळ्या जाडीच्या, डबीवर मापं लिहिलीत. पैशांचं नाव काढू नकोस. पाऊस उघडला की घेऊन येतो. तोवर डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरकडे लक्ष दे, गणिताचा एम-थ्री राहिलाय असं तुझे मित्र सांगत होते.

तुझा,
काका

ता. क. सुट्टीत गावी जाताना लायपो बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या ठेवून जाऊ नकोस. दर सेलला 3.8 व्होल्टवर आणून ठेव आणि पत्र्याच्या डब्यात घाल. हे तूच मला शिकवलंस आणि मागच्या दिवाळीत तूच विसरलास. तुझ्या रूममेटने मला फोन करून विचारलं होतं.