दोन सीतास्वयंवरं एका रंगमंचावर : माजुलीच्या मुखवटेकारांसाठी सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

काल रात्रीची आपल्या नाट्यमंडळाची बैठक साडेअकराला संपली आणि घरी येऊन लगेच हे लिहायला बसलो. श्रावण संपत आलाय. अनंत चतुर्दशीपर्यंत पहिली रक्कम उभी राहिली नाही, तर माजुलीचे मुखवटेकार आपल्या मुलांना मुखवटे शिकवायला यंदा सांगलीला येणार नाहीत. त्यांचा होकार कधीच आलाय, कार्तिकी पौर्णिमेची रासलीला आटोपली की निघतो म्हणालेत. अडलंय ते आपल्याकडून.

जुने सभासद सगळं जाणतात. पण अलीकडे आलेल्या तरुण मंडळींसाठी आधी माजुलीविषयी सांगतो. आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रात हे बेट आहे. २०१६ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, नदीतल्या बेटाचा जिल्हा म्हणून देशातला पहिलाच. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून फेरीबोटीनं तिथे जायचं. आसामचे संत श्रीमंत शंकरदेव यांच्या वैष्णव परंपरेतली सत्रं, म्हणजे आपल्या भाषेत मठ, तिथे कित्येक पिढ्या नांदताहेत : औनिआटी, कमलाबारी, दक्षिणपाट, गरमूर, सामागुरी. सत्रात नामघर असतं, कीर्तनाचा लांबच लांब मंडप, आणि त्याच मंडपात नाटक होतं. तळकोकणात देवळापुढे दशावतार उभा राहतो, त्याचीच आठवण यावी. माजुलीतल्या या प्रयोगांना भाओना म्हणतात. २००० साली शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता मिळालेलं सत्रिया नृत्यही याच सत्रांतलं. सामागुरी हे तर मुखवट्यांचं माहेर. तिथले हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच २०२४ मध्ये आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

पण हे बेट झिजतंय. १९५०च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळानं वर आलं आणि नदी काठ खाऊ लागली. गेल्या शतकाभरात बेटाची निम्म्याहून जास्त जमीन पाण्यात गेली. कित्येक सत्रांना देव, पोथ्या, वाद्यं घेऊन बेट सोडावं लागलं. जी राहिली त्यांनी नाटक सोडलं नाही.

नदी घरात शिरते म्हणजे काय होतं, हे सांगलीला कुणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. गावभागातल्या आपल्या खोलीत मंडळाच्या अकरा पेट्या होत्या. मुकुट, भरजरी शेले, तीन रंगवलेले पडदे, गदा, धनुष्यं. पाणी ओसरल्यावर कुलूप काढलं तेव्हा दारातूनच वास आला. कागदाच्या लगद्याचे राक्षस पुन्हा लगदा होऊन पेटीच्या तळाशी बसले होते. रावणाचं एक तोंड तेवढं ओळखू येत होतं. अध्यक्ष अण्णा ते हातात घेऊन पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ कुणाशी बोलले नाहीत.

त्या दिवसांत ज्यांनी हात दिला त्यांची नावं छापलेली आवडणार नाहीत, पण ऋण बोलून दाखवल्याशिवाय पुढचं मागणं मागता येणार नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांनी आपापल्या दुकानातला चिखल निघायच्या आधी मंडळासाठी पैसे काढून ठेवले होते. तिथल्या हमालबांधवांनी एका दिवसाची मजुरी दिली, आणि ती द्यायला आले तेव्हा पायातल्या चपला बाहेर काढून खोलीत आले, कारण तिथे नटराजाची मूर्ती होती. ज्या मास्तरीणबाईंनी आपल्या तीन पिढ्यांना शुद्धलेखन शिकवलं, त्यांनी पेन्शनचे पाच हजार एका जुन्या पाकिटात घालून पाठवले, वर लिहिलं होतं, ‘पडद्यासाठी’. तो पडदा झाला. निळा, कडेला कमळं असलेला. बाईंनी तो पहिल्या रांगेत बसून पाहिला, आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. पेठेतल्या शिंपीकाकांनी बारा पोशाख शिवले, शिलाई घेतली नाही, आणि रामाचा शेला आपल्या नातवाच्या मुंजीचं कापड वापरून केला. बुरूड गल्लीतले आपले दादा, ज्यांना सगळे हात जोडतात, त्यांनी धनुष्यासाठी बांबू दिला आणि वर म्हणाले, ‘मोडलं तर परत या, मोडायलाच तर केलंय.’ या माणसांमुळे मंडळ आज उभं आहे.

पोशाख झाले, पडदा झाला. मुखवटे मात्र झाले नाहीत. बाजारातले प्लास्टिकचे आणून एक प्रयोग केला, तो आमच्याच मनाला लागला. त्यानंतर आपले तिघे सभासद स्वखर्चानं माजुलीला गेले. मीही होतो.

सामागुरीला ओसरीवर बसून जे पाहिलं ते सविस्तर सांगतो, कारण पैसे कशासाठी मागतोय ते त्यातच आहे. बांबू आधी पाण्यात मुरवतात, म्हणजे कीड लागत नाही. मग त्याच्या बारीक कामट्या काढून सहाकोनी विणीचा सांगाडा विणतात, अगदी आपल्या बुरुडाच्या पाटीसारखा हलका. त्यावर कुंभाराच्या मातीच्या पातळ गाऱ्यात बुडवलेल्या कापडाचे तुकडे थरावर थर चिकटवायचे. उन्हात वाळवायचं. मग माती आणि शेण एकत्र मळून त्यानं भुवया, नाक, गालफडं उठवायची, पुन्हा कापड, पुन्हा ऊन, बांबूच्याच कानशीनं घासून गुळगुळीत करायचं आणि शेवटी रंग. जुने रंग हेङुल आणि हाइताल. तिथल्या आजोबांनी ही नावं घेतली आणि मी चमकलो. आपले हिंगूळ आणि हरताळ! दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, त्याच दोन शब्दांत तांबडा आणि पिवळा.

नुसता चेहरा झाकणारा तो मुखमुखा. जबडा आणि डोळे हलणारा तो लोतोकारी, त्यातला राक्षस बोलतो तेव्हा तोंड खरंच उघडतं. आणि सगळं अंगच झाकणारा, माणसाहून उंच असतो तो छो. पूतना, बकासुर, जटायू, गरुड, कालिया, दशानन. माझ्यासोबतच्या पोरानं छो मुखवटा अंगावर घेतला आणि बाहेर येऊन म्हणाला, ‘काका, याला वजनच नाही.’

बेटावर बघावं असं बाकीही पुष्कळ. सालमोराच्या बायका चाकाशिवाय, हातानं थापून मडकी घडवतात, आणि ती नावेतून गावोगाव जाऊन धान्याच्या बदल्यात द्यायची रीत आहे. मिसिंग लोकांची घरं पुरासाठी खांबांवर उचललेली, खालच्या सावलीत माग, आणि माग ज्या घरी नाही असं घर आम्हाला दिसलं नाही. निघताना आमच्या गळ्यात गामोसा, म्हणजे तिथलं मानाचं वस्त्र, घातला. तो मंडळाच्या खोलीत फोटोशेजारी आहे, येऊन बघा.

आता मुख्य गोष्ट. शंकरदेवांनी अखेरच्या काळात लिहिलेलं नाटक ‘रामविजय’, आणि त्याचा विषय सीतेचं स्वयंवर. आपल्या विष्णुदास भाव्यांनी त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १८४३ साली, श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर याच सांगलीत केलं ते ‘सीतास्वयंवर’. ‘रामविजया’त सूत्रधार सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावर, गातो, नाचतो, गोष्ट पुढे नेतो. भाव्यांच्या खेळातही सगळी पदं सूत्रधाराच्या तोंडी आणि पात्रांनी भाषणं ऐनवेळी जुळवायची. दोन्ही नद्यांकाठी रामानं तेच धनुष्य उचललं, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तो पत्ता आता लागलाय.

आणखी एक आठवण करून देतो. १८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ घेऊन आली नसती, तर आप्पासाहेबांना तसं काही मराठीत करवून घ्यावंसं वाटलं नसतं. परमुलखातल्या कलावंतांना सांगलीनं आदरानं बसवून घेतलं, म्हणून आज पाच नोव्हेंबरला आपण अभिमानानं रंगभूमी दिन करतो. तेव्हा खर्चाला संस्थान होतं. आता तुम्ही आहात.

बेत असा. मार्गशीर्षात चार मुखवटेकार बारा दिवस आपल्याकडे राहतील. तेच भाओनात कामही करतात, त्यांच्यातला एक ‘खोल’ हे मृदंगासारखं वाद्य वाजवतो. बांबू आपल्या बुरूड गल्लीचा, माती आपल्या कुंभारवाड्याची, शेण हरिपूरच्या गोठ्यातलं. तीस मुलं-मुली शिकतील, आणि बुरूड गल्लीतली दोन तरुण पोरं पूर्ण वेळ बसतील. या दोघांवर माझी फार भिस्त आहे, कारण पाहुणे गेल्यावर ही कला इथे टिकली तर त्यांच्याच हातात टिकेल. दत्तजयंतीच्या आधीच्या शनिवारी आपलं सीतास्वयंवर नव्या मुखवट्यांसह, भाव्यांच्या धाटणीनं. रविवारी ‘रामविजया’तला प्रवेश, पाहुण्यांसोबत आपली मुलं राक्षस होऊन उभी राहतील. सूत्रधार त्यांचा, आणि शेजारी मराठीत सांगणारा आपला.

हे लिहिताना एक सल लपवता येत नाही. गेल्या वर्षी याच कामासाठी चारशे पत्रकं घरोघर वाटली. उत्तर आलं अकरा घरांतून. प्रयोगाला मात्र जागा पुरली नाही, लोक जिन्यात बसले, टाळ्या पडल्या, फोटो निघाले, आणि रात्री पेटी उघडली तेव्हा खजिनदार काकूंनी २,३४० रुपये मोजले. काकू काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या वहीत त्यांनी आपल्या पदरचे हजार लिहिले. एका कार्यालयात अनुदानाचा अर्ज घेऊन मी चार वेळा गेलो, दर वेळी नवा कागद मागितला. शेवटी अर्ज मागे घेतला. माजुलीला गेल्या वर्षी ‘येऊ नका’ असं कळवावं लागलं. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं, हिंदीत, ‘कोई बात नहीं, नदी शांत रहे तो अगले साल.’ ज्यांच्या पायाखालची जमीन जातेय ते मला धीर देत होते. मला त्या रात्री झोप आली नाही. नाट्यपंढरी म्हणवून घेणाऱ्या गावावर ही पाळी पुन्हा येऊ नये, एवढीच कळकळ आहे. कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा.

खर्च : प्रवास (माजुली-निमाती-गुवाहाटी-सांगली आणि परत, चौघे) ४८,०००, मानधन चौघांचं बारा दिवसांचं १,२०,०००, बांबू, कापड, रंग इ. २५,०००; सभागृह, ध्वनी, प्रकाश दोन रात्री ६०,०००; तिकडून आणायचे तयार मुखवटे वाहतुकीसह ४५,०००; किरकोळ १२,०००; एकूण ३,१०,००० रुपये. जमा ६१,५००. बाकी २,४८,५००. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि आसामच्या गाड्या भरून जातात. शिवाय पाहुणे भातकापणीच्या दिवसांत घर सोडून येणार, त्यामुळे निम्मं मानधन आधी पोहोचवायचं ठरलंय. म्हणून प्रवास आणि निम्मं मानधन मिळून १,०८,००० अनंत चतुर्दशीला हातात हवेत, म्हणजे आत्ता ४६,५०० कमी आहेत. उरलेले दिवाळीपर्यंत. २,१०० रुपये देणाऱ्याचं नाव एका मुखवट्याच्या आतल्या बाजूला लिहिलं जाईल. त्याहून कमी, अगदी पन्नास रुपयेही, आनंदानं घेऊ. पावती प्रत्येकाला मिळेल. रोख फक्त खजिनदार काकूंकडे किंवा खोलीवर संध्याकाळी सात ते नऊ, सोमवार सोडून. खाते क्रमांक खोलीबाहेरच्या फलकावर आहे, फोनवर कुणी मागितल्यास देऊ नये. पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय दोन घरांत झाली आहे, आणखी दोन घरं हवीत. त्यांचं जेवण शाकाहारी, भात दोन्ही वेळ. मुलांची नावं घटस्थापनेपर्यंत द्यावीत, वय दहाच्या पुढे, फी नाही. गणपतीच्या वर्गणीचे दिवस आहेत हे कळतं. ज्या मंडळांना शक्य आहे त्यांनी मिरवणुकीतल्या एखाद्या खर्चातून आमच्यासाठी थोडं बाजूला काढावं, ही हात जोडून विनंती. आपल्या शेजारच्या दोन मंडळांनी काल तसा शब्द दिला, त्यांचे आभार बैठकीत मानलेच आहेत.

आपला,
कार्यवाह

ता. क. मुखवट्यांच्या थरांसाठी जुनं सुती कापड पुष्कळ लागेल. धोतरं, नऊवारी लुगडी, धुऊन विरलेली असली तर उत्तम. टेरिकॉट चालत नाही, माती धरत नाही. खोलीवर आणून दिलं तरी चालेल, नाहीतर निरोप द्या, मुलं घरी येऊन घेऊन जातील. मास्तरीणबाईंच्या सुनेनं काल त्यांची सहा लुगडी दिली आहेत.