नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने होती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्राप्तिकराच्या नोटिशीवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. 'वकिलाकडे धावायची गरज नाही, नोटीस आपल्या सीएच्या हाती द्या आणि निश्चिंत व्हा,' असं लेखकाने बिनदिक्कत लिहिलं आहे. मी अगदी हेच केलं होतं.

आमचे सीए ह्यांचे, म्हणजे माझ्या पतींचे, जुने मित्र. हार्डवेअरच्या दुकानाचे हिशेब त्यांनी वीस वर्षं पाहिले, एका पैची चूक कधी झाली नाही. २०२१च्या नोव्हेंबरात हे गेले. पुढच्या जुलैत ह्यांचं शेवटचं विवरणपत्र मी वारस म्हणून भरलं, मृत्यूचा दाखला पोर्टलवर चढवला. तरी २०२३च्या मार्चमध्ये कलम १४८ची, म्हणजे आधीच्या वर्षाचा कर पुन्हा आकारण्याची (फेरआकारणीची), नोटीस आली. दुकान आवरताना माल विकून आलेले चौदा लाख बँकेत भरले होते, त्याबद्दल. सीए म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका, मी बघतो." आणि खरोखर त्यांनी जीव ओतून काम केलं. जुन्या वह्या काढल्या, मालाच्या याद्या केल्या, चाळीस पानांचं उत्तर पोर्टलवर टाकलं. ओटीपी ह्यांच्याच फोनवर यायचा. तो फोन मी बंद केला नव्हता. मी आकडे वाचून दाखवायचे, ते टाइप करायचे.

वर्षभराने आदेश आला. उत्तर अमान्य, सगळी रक्कम 'स्पष्टीकरण नसलेला पैसा' धरलेली. अशा रकमेवर तेव्हा अधिभार आणि उपकर धरून ७८ टक्के कर लागायचा. व्याज वेगळं.

तेव्हा मुलाने हट्टाने मला इन्कम टॅक्सच्या वकिलांकडे नेलं. मी चाळीस पानांची फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. नोटिशीचा एकच कागद हातात घेतला आणि विचारलं, "ताई, ही कुणाच्या नावाने आहे?" मी म्हटलं, ह्यांच्या. "आणि ते कधी गेले?"

संपादक महोदय, मेलेल्या माणसाच्या नावाने काढलेली फेरआकारणीची नोटीस टिकत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलेलं आहे. हा आक्षेप पहिल्याच उत्तरात, पहिल्याच ओळीत घ्यायला हवा होता. आम्ही मात्र ह्यांच्याच लॉगिनमधून आक्षेप न घेता उत्तरं देत राहिलो. आता प्राप्तिकर खातं म्हणणार, तुम्ही तर कामकाजात भाग घेतलात. वकील म्हणाले, मुद्दा अजून गेलेला नाही, पण वाट लांबली.

यात सीएंचा अप्रामाणिकपणा तिळभरही नाही. त्यांना आकडे दिसले, नोटिशीवरचं नाव दिसलं नाही. हिशेब, ऑडिट, विवरणपत्र यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही आणि वकिलांनीही अपिलासाठी त्यांच्याच याद्या मागून घेतल्या. कायद्याने सीए अधिकाऱ्यापुढे आणि न्यायाधिकरणापुढेही उभे राहू शकतात. पण नोटीस मुळात वैध आहे का, मुदतीत आहे का, हा प्रश्न हिशेबाचा नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर बाजू वकीलच मांडतो. शिवाय अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे, ते सीएंना नाही. गोपनीयतेचं बंधन त्यांच्यावर १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने आहे, पण दुसऱ्या कायद्याने माहिती मागितली की ते संपतं. खटल्याची भीती असेल, तिथे हा फरक माणसाला आधी कळायला नको का? लेखात याबद्दल एक वाक्य नाही. लेखक स्वतः सीए आहेत, हेही कुठे छापलेलं नाही. मला ते शेजाऱ्यांकडून कळलं.

आणि त्याच लेखाच्या चौकटीत पहिल्या अपिलाची मुदत साठ दिवस दिली आहे! ती तीस दिवस आहे. आमचं अपील अठ्ठाविसाव्या दिवशी दाखल झालं. वकिलांच्या ऐवजी ही चौकट माझ्या हाती पडली असती, तर मी निवांत कागद गोळा करत बसले असते आणि मग उशीर का झाला याची माफी मागत फिरले असते. आपल्या पुरवणीवर भरवसा ठेवून तारखा कॅलेंडरवर लिहिणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

आपण चुका आतल्या पानावर, तळाशी, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात दुरुस्त करता. मागे पेन्शनधारकांच्या हयातीच्या दाखल्याची तारीख चुकली तेव्हाही तसंच केलं होतं. या वेळी कृपा करून तीस दिवसांची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी, चौकटीतच छापावी.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये. अपील अजून चालू आहे.)