दादा, आमच्या स्क्रीनवरचा पसारा आवरलास म्हणून

दादा,

तुला तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, चहा टाक आता" म्हणून विषय संपवतोस, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय, वाच गपचूप.

बाकीच्यांसाठी सांगते. आमची शाळा-कॉलेजच्या पोरांची टीम, नाशिकची, फर्स्ट टेक चॅलेंज (एफटीसी) या विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धेसाठी रोबो बनवतो. मॅचमध्ये पहिले ३० सेकंद रोबो स्वतःच्या स्वतः चालतो आणि पुढची २ मिनिटं आपण गेमपॅडवर चालवायचा. कोड माझ्याकडे. दादा आमच्या मजल्यावरच राहतो, सातपूर एमआयडीसीत पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा कॉम्प्युटर) आणि कंट्रोल पॅनलची कामं करतो, आणि रोबोटिक्सचा आणि त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

त्या रात्री रोबोचा हात थरथरत होता. वर जायचा, जास्तच वर जायचा, मग खाली, मग परत वर. मी लॅपटॉपवर एफटीसी डॅशबोर्ड उघडून बसलेले, म्हणजे कंट्रोल हबच्या (रोबोवरचा कॉम्प्युटर) वायफायला जोडून ब्राउझरमध्ये उघडतो तो, आणि केपीचा आकडा, म्हणजे हात टार्गेटपासून जितका लांब त्या मानाने मोटरने किती जोर लावायचा तो, तिथूनच बदलत होते, कोड परत न टाकता. आकडा बदलतोय, हात मात्र तस्साच थरथरतोय. तासभर! तू डबा परत द्यायला आलास, मागे उभा राहून बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "तो आकडा वाचतोय कधी? एकदाच, की दर स्कॅनला?"

मला स्कॅन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मग तू सांगितलंस की पीएलसी सतत फेऱ्या मारतो, इनपुट वाच, लॉजिक चालव, आउटपुट दे, परत पहिल्यापासून. कोड बघितला तर काय, मी केपी सुरुवातीला इनिटमध्ये (सुरू होताना एकदाच चालणारा कोड) एकदाच हात सांभाळणाऱ्या कंट्रोलरला दिला होता आणि नंतर लूपमध्ये (परत परत चालणारा कोड) त्याला कुणी विचारतच नव्हतं. एक ओळ लूपच्या आत घेतली आणि पुढच्याच बदलाला हात शांत झाला. (जावा येत नसलेल्या माणसाने चूक पकडली हे टीममध्ये मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, आता कळेलच.)

मग तू स्क्रीनकडे वळलास आणि माझी इज्जत काढलीस. सव्वीस ओळींची टेलिमेट्री (रोबोकडून येणारे आकडे), फील्डच्या चित्रावर रोबोचा मार्ग सात रंगांत, कॅमेरा, दोन ग्राफ. तू म्हणालास आमच्याकडे सगळं ठीक असेल तर स्क्रीन राखाडी असते, रंग फक्त गडबडीला. आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत गेलास, "हा आकडा बदलला तर तू काय करणार?" उत्तर नसेल तर ओळ उडव. कस्टम लेआउटमध्ये शेवटी चारच गोष्टी उरल्या. एका ग्राफवर टार्गेट आणि हाताची खरी पोझिशन, दोन्ही रेषा एकावर एक, शेजारी बदलायचे आकडे, बॅटरीचे व्होल्ट आणि फील्ड. मार्ग आता एकाच रंगात, रोबो वाटेवरून सरकला तरच लाल. कॅमेरा काढताना मला खरंच वाईट वाटलं, पण तुझं बरोबर होतं, तो आम्ही नुसता गंमत म्हणून बघायचो.

आणि वही. डॅशबोर्डवर बदललेले आकडे रोबो रिस्टार्ट झाला की जातात, कोडमधले जुने परत येतात, हे मला वाचून माहीत होतं आणि तरी मी ०.००८ पर्यंत मस्त आणलेला केपी त्याच रात्री घालवला, बॅटरी बदलली आणि हात ०.०२ वर येऊन धाडकन टेबलावर. तू हसला नाहीस, खालच्या दुकानातून चौकडीची वही आणलीस आणि पॅनलच्या लॉगबुकसारखे रकाने आखून दिलेस, वेळ, आकडा, काय झालं. आता आम्ही वहीत लिहिल्याशिवाय बॅटरीला हात लावत नाही, आणि रात्री निघताना तो आकडा कोडमध्ये टाकतो.

मॅचमध्ये लॅपटॉप जोडायचा नसतो, त्यामुळे तुझी ही चार खणांची स्क्रीन फक्त सरावात. पण ड्रायव्हर स्टेशनवरची, म्हणजे मॅचमध्ये रोबो चालवताना समोर असते त्या स्क्रीनवरची, टेलिमेट्री पण मी तीन ओळींवर आणलीय, तुझाच प्रश्न विचारून.

वही गेल्या रविवारी तूच घेऊन गेलायस, येताना घेऊन ये. आणि आई म्हणतेय तुमचा डबा परत आमच्याकडेच राहिलाय.