बंद गाडीतले उंदीर आणि डांबरगोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीच्या दिवसांत उत्तर अमेरिकेतून महाराष्ट्रात येणारी आमच्यासारखी अनेक कुटुंबे दोन-तीन महिने घर आणि गाडी बंद ठेवून येतात. गाडी गॅरेजमध्ये लावली आणि बॅटरीला चार्जर जोडला की काम संपले, अशी माझीही समजूत होती. गेल्या मार्चमध्ये पुण्याहून मिनेसोटाला परतल्यावर गाडीचा पंखा सुरू केला, तेव्हा आतून कुबट वास आणि घरघर आली. केबिनच्या एअर फिल्टरवर उंदरांनी बॉनेटखालच्या अस्तराचे पुंजके आणि कागदाचे कपटे रचून घरटे केले होते, शिवाय इंजिनाजवळच्या दोन वायरी कुरतडल्या होत्या.

हे पत्र नुकसानीपेक्षा फोनवरून मिळणाऱ्या सल्ल्यांसाठी लिहीत आहे. डांबरगोळ्या टाक, तंबाखूची पुडी ठेव, पुदिन्याचे तेल शिंपड, असे सगळ्यांनीच प्रेमाने सांगितले. यांपैकी डांबरगोळ्या मी वापरल्याही होत्या. त्यांचा दर्प सीटच्या कापडात मुरला तो अजून गेलेला नाही, त्यांची वाफ माणसालाच अपायकारक असते आणि घरटे तर व्हायचे ते झालेच. पुदिन्याचे तेल काही दिवसांत उडून जाते. बाहेर उणे 20 अंश असताना आडोसा मिळालेला उंदीर केवळ वासाला कंटाळून बर्फात परत जाईल, ही अपेक्षाच भाबडी आहे. विष ठेवणे त्याहून वाईट, कारण ते खाल्लेला उंदीर डॅशबोर्डमागे मरून पडला तर तो काढण्यासाठी अर्धी गाडी उकलावी लागते आणि बाहेर मेला तर त्याला खाणाऱ्या घुबडालाही बाधा होते.

खरा उपाय वाट बंद करण्याचा आहे आणि तो पानगळीच्या दिवसांतच करायला हवा, कारण उंदीर बर्फ पडण्याच्या आधीच आसरा शोधू लागतात. छोट्या उंदराला जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. आमच्या गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी दोन्ही कोपऱ्यांत झिजली होती, तिकडे मी कधी पाहिलेच नव्हते. ती बदलली, भिंतीतल्या फटींत तारेची जाळी ठासली, पक्ष्यांच्या दाण्यांची पिशवी पत्र्याच्या डब्यात गेली आणि मुलाच्या सीटखालून निघालेल्या बिस्किटांच्या चुऱ्याने माझी मलाच लाज वाटली. गाडी बंद करण्यापूर्वी हवेचे बटण आतलीच हवा फिरवण्यावर ठेवले, तर बहुतेक गाड्यांत बाहेरच्या हवेची झडप मिटते. भिंतीलगत शेंगदाण्याचे लोणी लावलेले चाप मांडून शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा पाहायला सांगितले आहे. सायलेन्सरच्या नळीत तारेची घासणी कोंबणार असाल, तर ती काढल्याशिवाय गाडी सुरू करू नये, अशी चिठ्ठी स्टीअरिंगवर जरूर चिकटवावी. तीन महिन्यांनी आणि विमानप्रवासाच्या गुंगीत हे आठवत नाही.

एका बाबतीत मात्र आपली सवय धोक्याची ठरू शकते. लेंड्या दिसल्या की आपण झाडू घेतो. उत्तर अमेरिकेतल्या डिअर माऊस या रानउंदराच्या विष्ठेतून आणि मूत्रातून हंटाव्हायरस पसरतो. सुक्या लेंड्या झाडल्या किंवा व्हॅक्यूमने ओढल्या तर तो धुळीबरोबर श्वासात जातो. हा आजार क्वचित होतो, पण झालाच तर जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी दारे उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे थांबावे आणि मगच कागदाने टिपून घ्यावे. त्याआधी विम्यासाठी फोटो काढून ठेवावेत.

ज्यांची मुले या भागात राहतात, अशा आपल्या वाचकांनी पुढच्या फोनमध्ये डांबरगोळ्यांऐवजी दाराखालच्या रबरी पट्टीची चौकशी करावी, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, मिनेसोटा