विषय: तुमच्या नियोजन सॉफ्टवेअरचं 'सर्वोत्तम' वेळापत्रक आणि आमचे सात दिवस

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी सांगलीत लहानमोठी बांधकामं घेतो. 'मर्यादित मजूर-यंत्रांत सर्वोत्तम वेळापत्रक' ही जाहिरात वाचून मार्चमध्ये तुमचं सॉफ्टवेअर वर्षभरासाठी घेतलं. सीपीएम, म्हणजे कुठल्या कामांवर प्रकल्पाची तारीख अडते ते काढायची पद्धत, मी डिप्लोमाला शिकलोय. त्यात मजूर मागाल तितके मिळतात. माझ्याकडे सेंटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीचा साचा-टेकू उभारणारी, गँग एकच आहे.

सोमवारी सकाळी गँग मोकळी झाली. दुसऱ्या स्लॅबचं सेंटरिंग बुधवारपासून घेता येणार होतं. तोवर हाताशी फक्त पाण्याच्या टाकीचं काम होतं, नऊ दिवसांचं. तुमच्या प्रोग्रामने गँग तिथे लावली. टाकीला चाळीस दिवसांचा फ्लोट, म्हणजे इमारतीची तारीख न हलता काम लांबवता येण्याची सवड, स्लॅबला शून्य. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, दोन दिवस पोरं बसू द्यात." मी स्क्रीनचं ऐकलं आणि स्लॅब सात दिवस रखडला.

फोन केला तर तुमचा प्रतिनिधी म्हणतो, डेटा चुकीचा भरला असेल. डेटा मी तीनदा तपासलाय. खोट पद्धतीत आहे. तुमचा प्रोग्राम एकेक दिवस पुढे सरकतो आणि त्या घडीला जे सुरू होऊ शकतं ते लावून टाकतो. मुद्दाम थांबणं त्याला येतच नाही, त्यामुळे कोणतं काम आधी घ्यायचं याचा नियम कुठलाही निवडा, अशा ठिकाणी चांगलं उत्तर त्याच्या वाटेत येत नाही. एकेक काम उचलून त्याला लवकरात लवकरची जागा शोधणाऱ्या अनुक्रमिक पद्धतीला ही अडचण नाही, फक्त क्रम योग्य लागतो. आणखी गंमत म्हणजे, कामांचे नंबर उलटे टाकले तर तुमचाच प्रोग्राम वेगळी तारीख देतो.

मर्यादित मजूर-यंत्रांत कमीत कमी दिवसांचं वेळापत्रक शोधण्याचा प्रश्न अवघड आहे, मान्य. तो एनपी-हार्ड, म्हणजे हमखास झटपट सोडवायची रीत कुणाला माहीत नाही अशा प्रश्नांपैकी, असल्याचं 1983 सालीच दाखवलं गेलं. अशा वेळापत्रक पद्धती तपासायला वापरतात त्या 1996 च्या पीएसपीलिब या उदाहरणसंचातल्या साठ कामांच्या काही उदाहरणांचं सर्वोत्तम उत्तर कित्येक वर्षं सिद्ध होत नव्हतं. माझ्या इमारतीची कामं चौसष्ट. मग चार सेकंदांत 'सर्वोत्तम' असा हिरवा शिक्का कशाच्या जोरावर उमटला?

तो शब्द रिपोर्टवरून काढा. ज्याहून कमी दिवसांत काम होणंच शक्य नाही, तो आकडा शेजारी छापा, म्हणजे तफावत आमची आम्हाला कळेल. अनुक्रमिक पद्धतीने क्रम बदलून हजारेक वेळा मांडणी करण्याची सोय द्या. चार सेकंदांऐवजी चार मिनिटं लागली तरी चालेल, तेवढ्यात चहा होतो.

हे जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांचं शुल्क पंधरा दिवसांत परत करावं. सात दिवसांच्या मिक्सरच्या भाड्याची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक, सांगली