मैदान आखून झाल्यानंतरचं काम

लॉस एंजेलिस
रविवार

प्रिय अनिल,

तुझं पत्र मिळालं. वस्तीतल्या पोरांसाठी उन्हाळ्यात फुकट बेसबॉल सुरू करायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. डॉजर्ससारखी इथली मोठी व्यावसायिक बेसबॉल टीम हे काम कसं चालवते, असं तू विचारलंस. सांगतो, पण उद्‌घाटनाचे फोटो बघून त्यातलं काही कळत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. डॉजर्स १९५८ साली ब्रुकलिनहून इथे आले. त्यांचं स्टेडियम जिथे आहे त्या शाव्हेझ रव्हीनमध्ये मेक्सिकन कुटुंबांची वस्ती होती. ती जागा सरकारी घरकुल योजनेसाठी म्हणून रिकामी करायला घेतली, योजना बारगळली आणि जमीन टीमकडे गेली. शेवटच्या काही माणसांना तर १९५९मध्ये पोलिसांनी उचलून घराबाहेर काढलं. या शहरातली जुनी माणसं टीमच्या समाजकार्याकडे ही आठवण मनात ठेवूनच बघतात, आणि मला ते रास्त वाटतं.

मुलांच्या कार्यक्रमाचं मूळ मात्र टीमच्या कचेरीत नाही. जॉन यंग नावाचा माजी खेळाडू पुढे खेळाडू हेरायचं काम करायचा. दक्षिण लॉस एंजेलिसमधून पूर्वी भरभरून पोरं यायची आणि आता येत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. १९८९मध्ये त्याने तिथे गरीब वस्त्यांसाठी 'आरबीआय' ('रिव्हायव्हिंग बेसबॉल इन इनर सिटीज') सुरू केलं, १९९१मध्ये मेजर लीगने, म्हणजे इथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेने, ते आपलंसं केलं. मेजर लीगमध्ये गाजलेले सीसी सबाथिया, जिमी रॉलिन्स ही त्यातूनच पुढे आलेली मुलं. तरी दुखणं संपलेलं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू अठरा टक्क्यांच्या आसपास होते, २०२४मध्ये सहा. २०२२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेत, तर अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मुख्य कारण पैसा. खाजगी संघातून गावोगाव खेळत फिरायचं तर एका मुलामागे वर्षाला हजारो डॉलर लागतात.

डॉजर्सच्या फाउंडेशनने, म्हणजे टीमच्या समाजकार्य संस्थेने, २०१४मध्ये स्वतःचा कार्यक्रम काढला, आता त्याला 'ड्रीमटीम' म्हणतात. पाच ते अठरा वयाची हजारो मुलंमुली दरवर्षी त्यात खेळतात. मैदान आणि रोजची माणसं बहुतेक ठिकाणी शहराच्या उद्यान खात्याची किंवा स्थानिक संस्थेची असतात. टीम देते गणवेश, साहित्य, प्रशिक्षकांचं शिक्षण आणि आपलं नाव. पैसा देणग्यांतून येतो, शिवाय सामन्यांच्या वेळी सोडत असते: जमलेल्या रकमेतली निम्मी विजेत्याला, निम्मी फाउंडेशनला. टीम आणि स्थानिक माणसं यांच्यातली कामाची वाटणी तू नीट लक्षात घे. टीम स्वतः रोज मैदानावर नसते. रोज येणारा माणूस तुला आधी शोधायला हवा, देणगीदार नंतर.

आता मैदान. तुझ्या शाळेत सॉफ्टबॉलचं मैदान आहे, म्हणजे निम्मं काम झालंय. सॉफ्टबॉलचे बेस, म्हणजे धावताना गाठायचे चौकोनाचे कोपरे, एकमेकांपासून ६० फुटांवर असतात आणि बारा वर्षांपर्यंतच्या बेसबॉललाही तेवढंच अंतर लागतं. आखताना टेप होम प्लेटच्या (फटका मारणारा उभा राहतो त्या कोपऱ्याच्या) मागच्या टोकाला धरून समोरच्या सेकंड बेसच्या मध्यापर्यंत ८४ फूट १०¼ इंच मोजायचं आणि खुंटी ठोकायची. मग होमपासून ६० आणि त्या खुंटीपासून ६० अशा दोन टेपा जिथे मिळतात तिथे फर्स्ट बेसचा बाहेरचा कोपरा. तसंच थर्ड. डोळ्याने काटकोन धरलास तर हमखास चुकेल. पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, पट्टी होमपासून ४६ फुटांवर, आणि माउंड, म्हणजे त्याचा उंचवटा, सहा इंच.

माउंड सर्वांत लवकर बिघडतो. पिचरचा पुढचा पाय रोज एकाच जागी पडतो आणि तिथे खड्डा होतो. त्यात सैल माती लोटून वरून सपाट केलं की दुसऱ्या दिवशी तोच खड्डा, आणि मुलाचा घोटा मुरगळतो. रीत अशी: सैल माती झाडून पूर्ण काढायची, खालची कडक माती ओली करायची, चिकणमाती थराथराने घालून धुम्मसाने ठोकायची, वर भुरभुरीत मातीचा पातळ थर आणि रात्री ताडपत्री. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आठवडाभर टाळलंस तर माउंड नव्याने बांधावा लागेल.

दुसरा शत्रू म्हणजे हिरवळीची कड. माती समान करायला लोखंडी जाळी ओढतात. ती थेट गवतापर्यंत ओढली की दर वेळी थोडी माती गवतात शिरते आणि काही महिन्यांत तिथे बांध तयार होतो. मग त्यावर आपटलेला सरपटी चेंडू उसळून पोराच्या तोंडावर येतो आणि पावसाचं पाणीही आतच तुंबतं. म्हणून जाळी कडेच्या फूटभर अलीकडे थांबवायची, उरलेलं हाताने, कडेला समांतर दाताळं फिरवून. पाणी साचलंच तर झाडूने लोटायचं नाही, पाण्याबरोबर माती जाते आणि खळगा कायमचा होतो. स्पंजने टिपून घ्यायचं.

साहित्य मागवताना सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे डावखुरी मुलं. ग्लोव्ह न फेकणाऱ्या हातात घालतात, त्यामुळे डाव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला उजव्या हातात बसणारा ग्लोव्ह लागतो. तीस मुलांत तसे तीन ठेवच. नाहीतर तो मुलगा उलटा ग्लोव्ह घालून धडपडतो, दोन दिवसांनी यायचा बंद होतो आणि सगळे म्हणतात, त्याला आवडच नव्हती. लहानांना नऊ ते अकरा इंची ग्लोव्ह पुरे. मोठा घेतला की तो मिटतच नाही. क्रिकेट खेळलेली पोरं हात मागे घेत झेल घेतात, त्यांना ग्लोव्ह चेंडूसमोर उघडा धरायला वेगळं शिकवावं लागेल.

पाच ते सात वर्षांच्यांना मऊ चेंडू आणि टी, म्हणजे चेंडू ठेवायची उभी नळी. मुलाला टीच्या अगदी समोर उभं केलं की तो चेंडूऐवजी नळीच मारतो. टी त्याच्या पुढच्या पायाच्या रेषेत हवी. आणि फटका मारल्यावर पोरं बॅट भिरकावून पळतात. बाजूला एक रिंगण आखून बॅट त्यातच टाकायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. बॅट एका वेळी एकाच्याच हातात, बाकी सगळे जाळीमागे.

पिचिंगच्या बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नकोस. तुझ्या सॉफ्टबॉलच्या मुली खांद्याखालून फेकतात. इथे खांद्यावरून फेकायचं असतं आणि वाढत्या वयात कोपर त्यानेच जातं. इथे पाळतात ते आकडे: सात-आठ वर्षांच्याला दिवसाला जास्तीत जास्त ५० फेकी, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५. चौदापर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ फेकी केल्या तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५०ला दोन, ५१ ते ६५ला तीन, त्यापुढे चार. मोजणारा माणूस प्रशिक्षक नसावा. सामना चुरशीचा झाला की प्रशिक्षकाची मोजणी हटकून चुकते. आणि पिचिंग झाल्यावर त्याच मुलाला कॅचर, म्हणजे होम प्लेटमागे चेंडू झेलणारा, करू नकोस, तिथेही हात तेवढाच राबतो.

मोठ्यांची चौकशीही तितकीच महत्त्वाची. कॅलिफोर्नियात २०२२पासून मुलांबरोबर नेमाने काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुलांजवळ शक्यतो दोन जबाबदार मोठी माणसं असावीत असा दंडक आहे. माणूस कितीही ओळखीचा असला तरी हा दंडक तू पाळच.

फुकट म्हणजे नुसती फी माफ नव्हे. बूट, बसभाडं, दुपारचं खाणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं, यातलं एक जरी घरच्यांवर पडलं तरी पोरगी आधी गळते, मग पोरगा. म्हणूनच डॉजर्सच्या 'ड्रीमफिल्ड' योजनेत मैदानं वस्तीतच दुरुस्त करून देतात, हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तू पण मुलांना तालुक्याच्या क्रीडासंकुलात नेण्याऐवजी शाळेचंच मैदान धर.

मैदानाचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि पाण्याचा नळ किती लांब, एवढं कळव. माती मूठभर ओली करून वळून बघ, वळकटी मोडते की टिकते तेही लिही, म्हणजे माउंडला किती चिकणमाती लागेल याचा अंदाज देतो. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
सुहास